हरकत आहे

मी बसायच्या आधी सोफ्यावर पेपर अंथरला गेला.

पेपर माझाच होता. माझ्या साप्ताहिकाचा त्याच आठवड्याचा अंक. पहिल्या पानावर भाऊसाहेबांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात त्यांचं अभिनंदन. भाऊसाहेबांच्या सूनबाईनं कोपऱ्यातल्या रद्दीतून तो अंक ओढला, उलगडला. अंथरता अंथरता तिच्या ध्यानात आलं, फोटो वर येऊन राह्यला. तिनं पेपर पलटी केला. आता वर माझा अग्रलेख आला. सासऱ्याच्या तोंडावर मी बसू नये, एवढी काळजी तिनं घेतली.

"बसा ना काका," ती म्हणाली. हसून. गोड आवाजात. शिकलेली पोरगी, औरंगाबादला कॉलेज केलेली.

त्या सोफ्यावर दुसरे नगरसेवक आधीच बसलेले होते. कोणाच्याच खाली पेपर नव्हता. एकजण थेट शेतातून आल्ता, पायजम्याला गोठ्याचा डाग होता. तो मांडी घालून बसला होता. त्यानं पेपराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि टीव्हीकडं तोंड केलं.

त्या दिवशी सकाळी मी आमच्या नगरपंचायतीचा अध्यक्ष झालो होतो. गावाचा पहिला नागरिक. गळ्यातले हार गाडीच्या हँडलला अडकवले आणि भाऊसाहेबांचे आभार मानायला त्यांच्या बंगल्यावर गेल्तो.

मी बसलो. पेपर चुरचुरला. सगळ्या खोलीला ऐकू गेला असंल.

भाऊसाहेब आतून आले. त्यांनीही पेपर पाहिला. चहा आला. लोक मला विचारतात, कप वेगळा होता का. न्हाई. कप बराबर सारखाच होता. आता कप सारखेच असतात. फक्त सगळ्यांचे कप ट्रेमधी आत गेले, माझा खिडकीच्या कट्ट्यावर राह्यला.

घरी आलो. माझ्या पँटीच्या मागं काळं लागलेलं बायकोला दिसलं. पांढरी पँट, तिनंच इस्त्री करून दिल्ती.

"हे काय?" कुसुमनं विचारलं.

"शाई."

"प्रेसमधी गेल्ते का?"

"हो."

ओट्यावर मोठी माय बसली होती. मोठी माय म्हंजे माझ्या चुलत्याची बायको. आईबाप ऊसतोडीच्या हंगामात अंकुशनगरच्या कारखान्याकडं जायचे, तवा मला तिच्यापाशी ठेवून जायचे. आई लवकर गेली. मंग हीच आई झाली. तिला दिसायचं कमी, ऐकू सगळं यायचं. तिनं मला जवळ बोलावलं, तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "मंग आता तू त्या बंगल्यावाल्याला सायेब म्हणतू, का तो तुला?"

सगळे हसले. मीही हसलो.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत न्हाई. जालना जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. पेपरात मी छापील भाषेत लिहितो. हे माझ्या बोलण्यात सांगून राह्यलो, कारण हे छापील भाषेत सांगायला गेलो की मवाळ होतं. 'अपमानास्पद वागणूक' असा शब्द येतो आणि त्या शब्दाखाली सगळं झाकून जातं.

मी जालन्यात एका प्रेसमधी काम शिकलो. आधी कागदाचे गठ्ठे उचलायचो, मंग कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला लागलो. लोकांच्या लग्नपत्रिका, दहाव्याचे कार्ड, पुढाऱ्यांचे पोस्टर. मला कळलं की ज्याच्या हातात छापायचं असतं त्याला लोक नमस्कार करतात. म्हणून गावात परत येऊन साप्ताहिक काढलं. चार पानं. मालक मी, प्रकाशक मी, संपादक मी, बातमीदार मी. अंक घेऊन मोटारसायकलवर फिरणाराही मीच. टेंभुर्णीच्या बाजारापासून धावड्याच्या शाळेपर्यंत माझे अंक जायचे.

असा पेपर बातमीवर चालत न्हाई. वाढदिवसाच्या शुभेच्छांवर चालतो. निवड झाली, अभिनंदन. वारले, श्रद्धांजली. आणि सगळ्यात मोठी मदत सरकारी जाहिरातींची. नगरपंचायतीच्या नोटिसा, टेंडर, जाहीर प्रकटन. त्या कोणाला द्यायच्या हे भाऊसाहेब ठरवायचे. म्हणून माझ्या पहिल्या पानावर वर्षातून किती बारी भाऊसाहेब यायचे ते सांगायची गरज न्हाई.

भाऊसाहेब स्वतः दोनदा अध्यक्ष होते. त्यांची जमीन गावाच्या चारी बाजूंनी. मंग आरक्षणाची सोडत निघाली आणि अध्यक्षपद अनुसूचित जातीला सुटलं. भाऊसाहेब साधे नगरसेवक राह्यले आणि वस्तीत माणूस शोधायला लागले. आमच्या वस्तीतून दोघं निवडून आल्ते. दुसरा जरा तोंडाचा फटकळ. भाऊसाहेबांनी मला बोलावलं.

"मला तुमच्यातला शिकलेला, शांत माणूस पायजे," ते म्हणाले.

शांत. तो शब्द मला त्या वेळी मोठा वाटला. सर्टिफिकेटसारखा.

अध्यक्षाच्या केबिनमधी उंच पाठीची खुर्ची होती. मागं पाटीवर आधीच्या अध्यक्षांची नावं. मी सकाळी बराबर दहाला जाऊन बसायचो. मुख्याधिकारी फाइल घेऊन यायचे. मी एखादी फाइल वाचायला लागलो की ते हळूच म्हणायचे, "भाऊसाहेबांशी बोलणं झालंय, सर." म्हंजे वाचू नका, सही करा. जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं बारीक खूण असायची. चार लोकांत भाऊसाहेब मला 'अध्यक्ष' म्हणायचे. दार लागलं की 'तू'.

मी राह्यलो, कारण वस्तीत नळाची लाइन आली. रस्त्यावर दिवे लागले. मी मनाशी म्हणायचो, एवढं तरी झालं ना. हे झालं नसतं.

मंग स्मशानाचा विषय आला.

आमच्या वस्तीचं स्मशान वेगळं. वस्तीच्या पलीकडं मोकळं रान. शेड न्हाई, पाणी न्हाई, रस्ता न्हाई. चार लिंबाची झाडं आणि काळी पडलेली दगडं. माझी आई तिथंच जळाली. गावाचं स्मशान नदीच्या अंगाला. तिथं नगरपंचायतीनं शेड बांधलेली, फरशी, नळ, बसायला बाकडे, लोखंडी फाटक. आमच्या रानाकडं कधी कोणी बघितलं न्हाई. पण बायपास झाला आणि तो बराबर त्या रानाच्या कडेनं गेला. एका वर्षात ते रान गावातली सगळ्यात मोक्याची जागा झालं.

भाऊसाहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. ह्या बारीला व्हरांड्यातच. प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यामुळं पेपराचा प्रश्न आला न्हाई.

"एक गाव, एक स्मशान," ते म्हणाले. "तुम्ही लोक समता म्हणता ना? मंग मेल्यावर काऊन वेगळं? सगळे एकाच शेडमधी जळतील. तुमच्या त्या रानात व्यापारी संकुल करू. गावाचा विकास. तुझ्या काळात झालं म्हणून तुझं नाव लागंल."

वाक्य खरं होतं. एक गाव, एक स्मशान. हे तर आम्हीच म्हणायला पायजे होतं.

"जाहीर प्रकटन द्यावं लागंल, हरकती मागवायला," ते म्हणाले. "तुझ्याच पेपरात दे. त्या दिवशी अंक जरा कमीच काढ. फायलीपुरते."

वाचणाऱ्याला हे माहीत नसतं म्हणून सांगतो. सरकारी जागेचा वापर बदलायचा असला की लोकांना विचारावं लागतं. पेपरात नोटीस द्यावी लागते, की कोणाची हरकत असंल तर मुदतीत लेखी कळवावी. मंग करायचं काय, तर नोटीस अशा पेपरात द्यायची की जो कोणी वाचत न्हाई. बारीक अक्षरात, आतल्या पानावर. आणि त्या दिवसाचे अंक छापायचे फक्त फाइलला जोडायला. कायदा पूर्ण. हरकत एकही न्हाई. मुदत संपली, विषय मंजूर. जिल्ह्यातले निम्मे छोटे पेपर ह्यासाठीच जिवंत ठेवलेले आहेत.

म्हंजे मी दोन ठिकाणी लागत होतो. पेपरवाला म्हणून नोटीस लपवायला आणि अध्यक्ष म्हणून ठराव करायला. आणि जागा माझ्याच आईची.

"बघतो," मी म्हणालो.

"त्यात बघायचं काय?" भाऊसाहेब म्हणाले, आणि फोनवर बोलायला लागले.

मी नोटीस कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवली. छापायला टाकली न्हाई. मनात घोळून राह्यलं होतं, की खरंच सगळे एका शेडमधी जळणार असतील तर रान गेलं तर गेलं.

त्याच आठवड्यात मोठी माय वारली. वय झाल्तं, ताप आला, पहाटे गेली. पाऊस लागून होता. आमच्या रानात गुडघ्याएवढा चिखल. मी वस्तीतल्या माणसांना म्हणालो, "आपण नदीवरच्या शेडमधी नेऊ."

माणसं माझ्याकडं बघायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "नेऊ देतील का रं?"

"मी अध्यक्ष आहे," मी म्हणालो. "शेड नगरपंचायतीची आहे. एक गाव, एक स्मशान. सुरुवात आपल्या घरापासून."

मला खरंच तसं वाटलं होतं. हे मी लाजून न्हाई सांगत. माणसानं दिलेला शब्द माणूस खरा धरतो.

दुपारी आम्ही निघालो. बायाही सोबत होत्या, आमच्यात बाया येतात. पुढं मी आणि चुलतभाऊ खांदा देऊन. नदीच्या उतारावर पोचलो तर फाटकासमोर ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावलेली. ट्रॉलीवर, बाकड्यांवर, भिंतीवर माणसं. सगळी ओळखीची. माझे वर्गणीदार. त्यातल्या एकाच्या पोराची फौजेत निवड झाली, तवा मी फोटोसकट बातमी लावल्ती. तोच पुढं आला. हात जोडून.

"अध्यक्ष, तुम्ही या," तो म्हणाला. "तुम्हाला कोण अडवतं? पण हे इथं न्हाई."

हे.

हे म्हंजे मोठी माय.

मी म्हणालो, शेड सगळ्या गावाची आहे. तो म्हणाला, बराबर आहे, पण रीत असते. मागून कोणीतरी ओरडलं, "आज शेडमधी आले, उद्या घरात येतील!" आमची पोरं पुढं सरकली. भिंतीवरची माणसं खाली उतरली. त्यांच्या हातात काय काय होतं ते मला दिसलं.

मी एका हातानं तिरडीचा बांबू धरून दुसऱ्या हातानं भाऊसाहेबांना फोन लावला.

"भाऊसाहेब, फाटकावर अडवलंय."

"कोणी सांगितलं तिकडं न्यायला?"

"तुम्हीच म्हणले होते. एक गाव, एक स्मशान."

"अरे, ते कागदावरचं असतं. लोकांना सवय व्हायला टाइम लागतो. आजच्या दिवस तुमच्याकडंच उरकून घे."

"आमच्याकडची जागा तर तुम्ही घेऊन राह्यले."

मंग भाऊसाहेब म्हणाले, "डेडबॉडी घेऊन राजकारण करू नको." फोन कट.

फौजदार आले. गाडीतून उतरून सरळ माझ्याकडं आले. ट्रॉलीवाल्यांकडं गेले न्हाईत. "साहेब, तुम्ही जबाबदार माणूस," ते म्हणाले. "तुम्हीच समजून घ्या."

समजून घेणं. ते नेहमी आमच्याच वाट्याला.

माझ्या मागं पोरांचे हात दगडांकडं जाऊन राह्यले होते. एक दगड गेला असता तर पोरं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढली असती, आणि ट्रॉलीवाले चार दिवसांत घरी आले असते. हे मला माहीत होतं, कारण अशा बातम्या मीच छापतो. खांद्यावर मोठी माय होती. सगळे माझ्या तोंडाकडं बघून राह्यले होते. कुसुम बायांमधून पुढं आली. तिरडीला हात लावून उभी राह्यली.

मी म्हणालो, "वळा."

आयुष्यात मी एवढा जड शब्द बोललो न्हाई. आम्ही वळलो. मागून कोणी हसलं न्हाई, शिट्टी मारली न्हाई. उलट तो फौजीचा बाप म्हणाला, "अध्यक्ष समजदार आहेत." ते हसण्याहून वाईट होतं.

रानात चिखलात पाय रुतत होते. एका जागी तिरडी कलली आणि मोठ्या मायचा हात बाहेर आला. चुलतभावानं तो परत चादरीत घातला, झोपलेल्या माणसाचा घालावा तसा. लाकडं ओली. पेट घेईना. शेवटी डिझेल आणलं. त्रिसरण पंचशील झालं. धूर जमिनीलगतच पसरला, सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. कोण रडून राह्यलं अन्‌ कोणाला धूर लागला ते कळत नव्हतं.

मला तिथं सोफा आठवला. मी तवाच उठायला पायजे होतं. मी समजत होतो की अपमान माझा एकट्याचा आहे आणि तो मी गिळला तर वस्तीला नळ मिळतो. तसं नसतं. माझ्या खाली पेपर अंथरणारा हात आणि मोठ्या मायला 'हे' म्हणणारं तोंड एकाच अंगाचं. मी एक गिळला म्हणून दुसरा मिळाला. मी शांत होतो म्हणूनच मला निवडलं होतं. शिकलेला हे नुसतं सोबत लावलेलं.

मी सगळ्यांना थांबवलं. चिता जळत असतानाच बोललो.

"ही जागाही चालली," मी म्हणालो. संकुलाचं सांगितलं. नोटिशीचं सांगितलं. ती लपवायची कशी, तेही सांगितलं.

तो सकाळचा म्हातारा म्हणाला, "आन्‌ अध्यक्ष कोण हाये रं?"

"मी."

"पेपर कोणाचा?"

"माझा."

कुसुम बोलली. "मंग छापा की," ती म्हणाली. "लपवायचं ते छापा."

दुसऱ्या दिवशी मी अंक जुळवला. पहिलं पान पूर्ण. वर नोटीस, जशीच्या तशी, एक शब्द न बदलता. फक्त अक्षर एवढं मोठं की चष्म्याशिवाय वाचता यावं. खाली हरकत कुठं द्यायची, कशी लिहायची, शेवटची तारीख कोणती. आतल्या पानावर फाटकावर काय झालं ते. काय काय म्हणलं गेलं, त्याच शब्दांत. ट्रॉली. रीत. समजदार. फोनवरचं बोलणंही. 'समस्त ग्रामस्थ' आणि 'अनुचित प्रकार' असे शब्द मी वापरले न्हाईत.

जालन्याला सलीमभाईच्या प्रेसवर गेलो. माझा अंक पहिल्यापासून तेच छापायचे. त्यांनी उभ्या उभ्या पान वाचलं. मंग खुर्ची ओढून बसले, परत वाचलं.

"ये छपा तो तेरी कुर्सी जाती," ते म्हणाले.

"जाऊ द्या."

"मेरेको भी तकलीफ होती."

त्यांना आग्रह करायचा मला हक्क नव्हता. सलीमभाईंनी चहा मागवला. चहा पिऊन होईपर्यंत ते रस्त्याकडं बघत राह्यले. मंग कप ठेवला आणि आतल्या कारागिराला आवाज दिला, "प्लेट बना रे. जल्दी."

एवढे अंक मी कधीच काढले नव्हते. बाजाराच्या दिवशी भर सकाळी वाटले. बस स्टँड, शाळा, दवाखाना, भाजीची गल्ली. वस्तीतल्या बाया गठ्ठे घेऊन घरोघर गेल्या. भाऊसाहेबांच्या गल्लीतही गेल्या. तिथं काही लोकांनी दारातच फाडले. काहींनी दार लावून आत वाचले. वस्तीतला प्रत्येक माणूस हरकत लिहायला बसला. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यानं सांगितलं, पोरीनं लिहिलं, त्यानं अंगठा केला. भाऊसाहेबांच्या गल्लीतल्या दोन मास्तरांच्याही हरकती आल्या. पण ते मागच्या दारानं देऊन गेले.

मंग सभा. सगळे नगरसेवक, मुख्याधिकारी, बाहेर गर्दी. मी अध्यक्षाच्या खुर्चीत. भाऊसाहेब समोरच्या रांगेत. त्यांनी अंक सोबत आणला होता, घडी करून हातात धरलेला.

"विषय घे," ते म्हणाले.

"हरकती आल्यात," मी म्हणालो. "सुनावणीशिवाय हा विषय घेता येत न्हाई."

"तू मला कायदा शिकवतो का?" ते उभे राह्यले. "कोणामुळं बसला तू त्या खुर्चीत?"

मी समोरची फाइल मिटली.

"सभागृहात मला अध्यक्ष म्हणा," मी म्हणालो. "आणि तुम्ही म्हणा."

मुख्याधिकाऱ्यांनी मान खाली घालून फाइलीचं एकच पान उलटं सुलटं केलं. भाऊसाहेबांचं तोंड आधी पांढरं पडलं, मंग लाल झालं. मंग ते हसले.

"बरं," ते म्हणाले. "अध्यक्षसाहेब. उठा आता तिथून."

"सभा चालू आहे," मी म्हणालो. "सदस्यांनी खाली बसावं."

ते बसले न्हाईत. बाहेर निघून गेले, त्यांच्या मागं सगळे. रिकाम्या सभागृहात मी आणि मुख्याधिकारी. ते म्हणाले, "सर, कशाला ओढवून घेता?" मी त्यांना सांगितलं, विषय स्थगित, इतिवृत्तात लिहा. त्यांनी लिहिलं.

ह्यानंतर कोणाला वाटंल की मी जिंकलो. तसं काही झालं न्हाई.

अविश्वास ठराव आला. हात वर झाले. भाऊसाहेबांचे सगळे हात वर आले, त्याचं काही वाटलं न्हाई. पण आमच्याच वस्तीतून आलेला तो दुसरा, फटकळ तोंडाचा, त्याचाही हात वर होता. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. आज त्या खुर्चीत तोच बसतो, आणि पेन्सिलीच्या खुणेवर सही करतो. मी त्याच्यावर रागावत न्हाई. त्या खुर्चीत काय होतं ते मला माहीत आहे.

जाहिराती बंद झाल्या. सरकारी तर झाल्याच, पण किराणावाल्याच्या, कृषी केंद्रवाल्याच्याही. लोकांचे वाढदिवस येत होते, माझ्या पेपरात कोणी साजरे करत नव्हतं. माझ्या ऑफिसच्या शटरवर कोणीतरी डांबर फासलं. फौजीच्या बापानं बदनामीची केस टाकली. बातमीत त्याचं नाव नव्हतं, तरी त्यानं स्वतःला ओळखलं. कुसुम अंगणवाडीत आहे. तिच्या अंगणवाडीत गावातल्या बाया पोरं पाठवीनात. ती रोज जाते, खिचडी शिजवते, वस्तीतल्या पोरांना खाऊ घालते, उरलेली घरी आणत न्हाई, नोंद करून परत देते. तरी तिच्यावर तीन चौकशा लागल्या.

सलीमभाईंच्या प्रेसला कसल्या कसल्या नोटिसा आल्या. ते स्वतः माझ्या घरी आले. "थोडे दिन रुक, भाई," म्हणाले. डोळ्यात पाणी होतं. मी म्हणालो, तुम्ही छापलं तेवढं बहोत झालं. आता मी दुसऱ्या जिल्ह्यात छापून आणतो. चारची दोन पानं झाली. पण निघतो. एकही आठवडा चुकला न्हाई.

जागेचं प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडं आहे. तारीख मिळते, पुढची तारीख मिळते. तिकडं बायपासच्या बाजूनं कोणीतरी तारेचं कुंपण घातलंय. कोणी, ते कोणाला माहीत न्हाई. नदीवरच्या शेडचं फाटक आमच्यासाठी आजही बंद आहे.

मधी भाऊसाहेबांचा निरोप आला. पहिल्या पानावर दोन ओळींची दिलगिरी छापायची. जाहिराती चालू होतील, पुढच्या बारीला विचार करू. निरोप घेऊन आलेला माणूस चांगला होता. म्हणाला, "दोनच ओळी. बिलकुल बारीक टाइपात टाका. कोण वाचतंय?"

मी त्याला चहा दिला आणि रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. ओळी छापल्या न्हाईत.

निवडणूक येईल. अध्यक्षपद कोणाला सुटंल ते सुटंल. राखीव जागा आमचा हक्क आहे, घटनेनं दिलेला आहे, कोणाच्या बंगल्यावरून आलेला न्हाई. तो हक्क वस्तीतली दुसरी पोरं-पोरी लढवतील. कुसुमनं त्यातल्या एकीचं नावही काढलंय. मी अर्ज भरणार तो भाऊसाहेबांच्या वार्डात. खुल्या जागेवर. त्यांच्या समोर. त्यांच्या गल्लीत, त्यांच्या दारात उभा राहून मत मागणार. पडणार, हे मला आत्ताच माहीत आहे. पडल्याची बातमी मीच छापीन, पहिल्या पानावर, किती मतांनी ते लिहून. आणि पुढच्या निवडणुकीला परत भरीन.

आणि घरी सांगून ठेवलंय. कुसुमला, पोरीला, चुलतभावाला. मी मेलो की मला आपल्या रानात न्यायचं न्हाई. नदीवरच्या शेडमधी न्यायचं. भर दिवसा, मोठ्या रस्त्यानं. अडवलं तर तिथंच फाटकासमोर खाली ठेवायचं. फौजदार येतील, पुढारी येतील, तुम्ही समजदार आहात म्हणतील. ऐकायचं न्हाई. वास सुटला तरी उचलायचं न्हाई. फाटक उघडंपर्यंत मी तिथंच राहीन.